चौथा पर्याय

"सातव्याचं उत्तर ड," नवरा म्हणाला, आणि बेबीने खाली बघितलं तर तिच्या पेन्सिलीने अ भोवती गोल केलेला होता. साधासुधा नव्हे, दोनदा गिरवलेला, मागेपुढे न बघणाऱ्या माणसाचा गोल. आणखी दोन उत्तरं चुकली होती, त्यांचं तिला काही वाटलं नाही. तिथे ती अडखळली होती, चुकणार हे तिचं तिलाच ठाऊक होतं. सातव्या प्रश्नाला मात्र ती थांबलीच नव्हती. कुणी तुमचं नाव विचारावं, तुम्ही सांगावं, आणि समोरच्याने म्हणावं, चूक, तसं तिला झालं. ती म्हणाली, परत बघा. नवऱ्याने पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून परत बघितलं. लिफ्टदुरुस्तीत उभं आयुष्य गेलेला माणूस. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तो खाली सोडत नाही. उत्तर ड हेच होतं. त्याने मोबाईलवरचं घड्याळ बंद केलं, वेळेत बसतेयस हे काय कमी आहे, असं काहीतरी म्हणाला आणि चहा टाकायला उठला. बेबी त्या गोलाकडे बघत बसून राहिली.

सत्तेचाळिशीला आलेल्या बाईला बेबी म्हणावं का, हा प्रश्न तिला ओळखणाऱ्या कुणालाही कधी पडला नव्हता. माहेरी बेबी, सासरी बेबी, आणि रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत, जिथे ती इतकी वर्षं लोकांच्या शिरा शोधत आली होती, तिथे बेबीताई. आता तिथल्या पर्यवेक्षकाची खुर्ची रिकामी होणार होती आणि त्या खुर्चीत बसायला खात्याची परीक्षा द्यावी लागे. परीक्षेतला तिच्या कामाचा भाग तिने डोळे मिटून सोडवला असता. गाडी अडत होती ती भाषेच्या पेपरात, आकलनाच्या उताऱ्यांपाशी, आणि त्यातही जोडउताऱ्यांपाशी. एकाच क्षेत्रातल्या दोन माणसांवरचे दोन उतारे शेजारी शेजारी द्यायचे, आणि मग पहिल्याबद्दल थोडं, दुसऱ्याबद्दल थोडं आणि दोघांना एकमेकांसमोर उभं करून बरंच काही विचारायचं, अशी ती रीत. सरावात आधी दोन सेनापती झाले होते, दोन वनस्पतिशास्त्रज्ञ झाले होते. आज दोन थोर चित्रकार होते. रक्तातली साखर मोजणाऱ्यांवर देखरेख करायला थोर चित्रकार कशाला लागतात, हे खात्यालाच ठाऊक. याच भागात ती दोनदा आपटली होती. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा प्रयोगशाळेत सगळ्यांनी तिची समजूत घातली. दुसऱ्यांदा कुणी काही बोललंच नाही, आणि ते जास्त लागलं.

पहिल्या उताऱ्यातला चित्रकार मरेपर्यंत एकच घर रंगवत राहिला होता. नदीकाठचं, दोन खिडक्यांचं, रिकामं घर. त्याची चित्रं कुणी घेतली नाहीत, बायको सोडून गेली, बोटं वाकडी झाली, तरी तो रोज जाऊन त्या घरासमोर बसायचा. दुसऱ्या उताऱ्यातला चित्रकार ऐन तारुण्यातच नावारूपाला आला होता, त्याच्या चित्रांपुढे रांगा लागत. मग एक वाक्य होतं: 'त्या वर्षी हिवाळ्यात त्याला मुलगी झाली.' आणि त्याला लागूनच पुढचं: 'त्यानंतर त्याने एकही चित्र काढले नाही.' पुढे तो समुद्राकाठच्या एका गावात बियाण्यांचं दुकान चालवून सुखाने म्हातारा झाला, असं दोन ओळींत उरकलेलं होतं. सातवा प्रश्न: दुसऱ्या चित्रकाराने चित्रे काढणे का सोडले? अ, कुटुंबाच्या जबाबदारीमुळे. ब, टीकाकारांमुळे. क, प्रकृती बिघडल्यामुळे. ड, उताऱ्यावरून सांगता येत नाही. आता यात विचार करण्यासारखं होतं काय? मुलगी झाली, चित्रं थांबली. तिने गोल केला, गिरवला, आणि गिरवताना पोटात ते जुनंच काहीतरी हललं, ज्याला तिने कधी नाव दिलं नव्हतं, कारण ते कायम तिथेच असायचं.

बेबी झाली आणि ह्यांनी ब्रश खाली ठेवला. हे वाक्य तिच्या आईचं. आई ते तक्रारीच्या सुरात म्हणायची नाही आणि कौतुकाच्याही नाही. पाहुण्यांना घर दाखवताना हे स्वयंपाकघर, ही बाल्कनी म्हणावं, तसं म्हणायची. बाहेरच्या खोलीत वडिलांची, म्हणजे अण्णांची, तीन चित्रं टांगलेली होती. पाहुणा त्यांच्यापुढे थांबायचा, कुणी काढली म्हणून विचारायचा, अजून काढतात का म्हणून विचारायचा, आणि मग ते वाक्य यायचं, आणि पाहुण्याची नजर चित्रावरून उतरून खाली बेबीवर यायची. ती नजर वाईट नव्हती. उलट लोक हसायचे, गाल ओढायचे, लबाड कुठली म्हणायचे. पण शाळेत जाऊ लागलेल्या मुलीला एवढं कळत होतं की भिंतीवर चौथं चित्र नाही, आणि ते नाही याचं कारण इथे फ्रॉक घालून उभं आहे. आत्याचं वाक्य जरा कडक होतं. आत्याला भावाचं भारी कौतुक. तो मोठा होणार, चार लोकांत आपल्याला मिरवायला मिळणार, असे मनोरे तिने केव्हाचे बांधून ठेवलेले. ती म्हणायची, पोरीपायी हात आखडला माझ्या भावाचा, नाही तर आज कुठल्या कुठे असता. आई आणि आत्या यांचं जन्मात कधी एकमत झालं नाही, पडदे कुठल्या रंगाचे आणायचे यावरसुद्धा नाही. याच एका बाबतीत दोघी एका सुरात बोलत. दोन साक्षीदार आणि एकच जबानी. मग बेबीने शंका घ्यायची तरी कशी?

शिवाय पुरावा होता. मागच्या खोलीत तिचा पाळणा लागला, आणि त्याआधी त्याच जागी चित्र लावायचं अण्णांचं लाकडी तिकाटणं उभं असायचं. पुढे त्या तिकाटण्यावर ओले टॉवेल वाळत. खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणाला टर्पेंटाइनचा वास होता. कुणी तो खण उघडा टाकला की ती जाऊन बंद करायची. शाळेत रंगपेटी आणायला सांगितली तेव्हा तिने घरी सांगितलंच नाही. मला चित्रकला आवडत नाही, असं बाईंना ठणकावून तिने तो तास वर्षभर शेवटच्या बाकावर पाढे लिहीत काढला. एवढं सगळं झाल्यावर याच घरात रंग मागायचे, म्हणजे ज्याचं घर फोडलं त्याच्याच दारात उसनं मागायला जाण्यासारखं होतं. ती अभ्यास करी, आजारी पडत नसे, पडलीच तर सांगत नसे. नोकरीला लागली, पहिल्याच वर्षी कायम झाली. लग्नही तिने अण्णांना सोडून लांब जावं लागणार नाही असं बघून केलं. नवरा हे ऐकून अजून हसतो, म्हणतो, मला आपलं वाटलं माझ्या रूपावर भाळलीस. अण्णा साठीला टेकले तेव्हा तिने त्यांना उत्तम रंगांचा संच आणि ब्रश आणून दिले. अण्णांनी पेटी उघडून बघितली, छान आहेत म्हणाले, आणि आत कपाटात ठेवून दिली. बाकी कुणाला ते जाणवलंही नाही. तिला मात्र ते कपाटाचं दार आपल्यावर लागल्यासारखं वाटलं. उशीर झाला, एवढंच ते दार म्हणत होतं.

संध्याकाळी ती पुस्तक घेऊन खालच्या मजल्यावर गेली. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहत. भाषा शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते आणि आता बेबीच्या उताऱ्यांपायी उरलेलेही होतील, असं त्या म्हणत. बाईंनी चष्मा लावला आणि आजचं पान बाजूला ठेवून मागची पानं उलटायला सुरुवात केली. सेनापती, वनस्पतिशास्त्रज्ञ, पूल बांधणारे, वाद्यं बनवणारे. थोड्या वेळाने त्यांनी पुस्तक तिच्याकडे फिरवलं आणि विचारलं की काही दिसतंय का. बेबीला काही दिसलं नाही. बाईंनी सांगितलं, की जिथे जिथे बरोबर उत्तर ड आहे, तिथे तिथे ती चुकलेली आहे, आणि तिची बहुतेक सगळी चूक एवढीच आहे. पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत तिने चौथा पर्याय एकदाही निवडलेला नव्हता. बेबी वाद घालायला लागली. ती सहसा वाद घालत नसे, पण आज तिला राहवेना. मुलगी झाल्याबरोबर चित्रं थांबली असं स्वच्छ लिहिलंय की, आणखी काय लिहायला हवं होतं?

"दोन वाक्यं शेजारी राहतात," बाई म्हणाल्या. "शेजारी राहिलं म्हणून माणसं नात्याची होतात का? तुम्ही माझ्या डोक्यावर राहता, म्हणून मी काय तुमची मावशी झाले?" मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्ही पदरचं घालता हो. आणि घालणाऱ्याला कळत नाही, की हे आपलं पदरचं आहे. त्याला वाटतं, इथेच लिहिलेलं होतं."

जिना चढताना बेबीला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. बाईंचा म्हणावा तर त्या फुकट शिकवत होत्या. सांगता येत नाही, हे काय उत्तर झालं? तिच्या माहेरी ते उत्तर चालत नसे. कप कुणी फोडला, सांगता येत नाही. असं म्हणणाऱ्यानेच तो फोडलेला असे. सांगता येत नाही म्हणजे कानावर हात. जबाबदार माणूस आपला वाटा उचलतो, निदान अ भोवती गोल तरी करतो. तिने घरी येऊन आणखी एक जोडउतारा सोडवायला घेतला. त्यात दोन वाटाडे होते, आणि दुसरा वाटाड्या हिमवादळात मागे का फिरला, असा प्रश्न होता. ड कडे पेन्सिल नेताना तिचा हात खरोखरच जड झाला. त्या वाटाड्याच्या मागे घरी कुणीतरी होतं, त्याच्या पायात कुणीतरी अडकलं होतं, हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं. तिने पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सकाळची उपाशीपोटी आलेल्यांची रांग संपली, खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि नळ्या फिरवणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी राहिली. ती जांभळ्या झाकणाच्या नळ्या एकेक उचलून उजेडात तिरक्या करून बघत होती. त्यातल्या एकीत गाठ होती. बारीकशी, काळपट, नळी कलली की रक्तापाठोपाठ सावकाश सरकणारी. रक्त घेताना वेळ लागला की असं होतं. रक्त आपल्या आपण गोठतं आणि मग त्यातल्या पेशींची मोजणी खरी येत नाही. तिने ती नळी बाजूला काढली. तेवढ्यात वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला, नेमका त्याच रुग्णासाठी. घाईत होते. ती नळी परत हातात घेऊन ती म्हणाली, नमुना गोठलाय. ते म्हणाले, अहो, साधारण सांगा, तुमचा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे, अंदाज येतच असेल. "गोठलेल्यावरून सांगता येत नाही," ती म्हणाली. "त्याच माणसाचं परत घ्यावं लागेल." डॉक्टर कुरकुरले, पाठवतो म्हणाले. तिने फोन ठेवला. असं तिने भल्याभल्यांना ऐकवलं होतं, आजवर कधी जीभ अडखळली नव्हती. नव्याने लागलेल्यांना तर ती पहिल्या दिवशीच सांगायची, जे दिसलं ते लिहायचं, नाही दिसलं तर नाही म्हणून लिहायचं, आपण इथे दया दाखवायला बसलेलो नाही.

हात मात्र फोनवरून निघेना. आत्ता जे ऐकू आलं तो आपलाच आवाज होता, हे तिला जरा उशिराने कळलं. ती नळी अजून दुसऱ्या हातात होती आणि ती गाठ अजून सरकत होती. त्याच माणसाचं परत घ्यावं लागेल. आईचं वाक्य तिच्याकडे होतं, आत्याचं होतं, कित्येक पाहुण्यांच्या नजरा होत्या. खुद्द अण्णांचं काय होतं? ती आठवायला लागली. अण्णांनी हे वाक्य कधी म्हटलं होतं? आई म्हणत असताना ते तिथेच खुर्चीत असायचे, हे आठवलं. ते हसायचे, हेही आठवलं. पण त्यांच्या तोंडून, त्यांच्या आवाजात, एकदाही नाही. आणि तिने तरी कधी विचारलं होतं? आपल्यामुळे ज्याचं गेलं त्याला, किती गेलं हो, असं कोण विचारतं. मागच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात ती त्यांच्या पायांना तेल चोळत बसायची, आणि मनात यायचं की एकदा माफी मागून टाकावी, माणूस जाईल आणि राहून जाईल. माफी मागायचं मनात आलं होतं, विचारायचं नाही. तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली, गोठलेला नमुना, परत घ्यावा, आणि काम संपल्यावर घरी न जाता अण्णांकडे जाणारी बस धरली.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि खिडकीतून आत आला तो क्लोरीनचा वास, कुठून ते दिसलं नाही. त्या वासाबरोबर तरणतलाव आला. लहानपणी अण्णा तिला रोज सकाळी तिथे न्यायचे. पाणी हिरवट, थंड, आणि तिच्या हनुवटीखाली अण्णांचा तळहात. हनुवटी वर धर, बाकी सगळं पाण्यावर टाकून दे, ते म्हणायचे, आणि ती टाकून द्यायची, आणि पाणी खरोखरच तिला धरायचं. परत येताना दोघांचे केस ओले, अण्णा शीळ वाजवत, कचेरीची वेळ व्हायची तरी त्यांना घाई नसायची. तिच्या अख्ख्या लहानपणात त्याहून सुंदर काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यावर बुरशी चढली होती. कारण सकाळ ही त्यांची चित्रं काढायची वेळ होती. आई तसं सांगायची, सकाळी सकाळी खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे, उजेड चांगला असतो म्हणून. म्हणजे त्या सगळ्या सकाळी चोरीच्या. अण्णांचा तळहात ब्रश धरायचा सोडून आपली हनुवटी धरतोय, हे तिला कळायला लागलं तेव्हा तिने थंडी वाजते म्हणून जाणं बंद केलं. अण्णा एकटेच जायला लागले. त्यांनी तिला का म्हणून विचारलं नाही. त्या घरात एकमेकांना विचारायची पद्धतच नव्हती की काय कोण जाणे.

अण्णांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात ब्रश होता. तिने नीट बघितलं. तोच ब्रश होता, तिने दिलेल्या पेटीतला, उंची, बारीक केसांचा. दुसऱ्या हातात तेलाची कुपी होती. खिडकीची बिजागरी कुरकुरतेय, ते म्हणाले, आणि परत खिडकीशी जाऊन त्यांनी ब्रश तेलात बुडवून बिजागरीच्या फटीत मोठ्या नजाकतीने फिरवला. फार कामाचा आहे हा, कुठेही शिरतो, शिवणयंत्र, पंखा, रेडिओची मागची बाजू, सगळं याच्यानेच करतो, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. इतकी वर्षं कपाटात बंद आहे असं ती धरून चालली होती तो ब्रश असा राबत होता. वाईट वाटून घ्यावं की हसावं हे तिला ठरवता येईना. तिने पिशवीतून पुस्तक काढलं. परीक्षा जवळ आलीय, अण्णा, मी वाचते, तुम्ही ऐका, असं ती म्हणाली. अण्णांना लहान अक्षर दिसत नसे पण ऐकायला आवडे. ते खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकू लागले.

तिने पहिला उतारा वाचला, मग दुसरा. मुलगी झाल्याच्या वाक्याशी तिचा आवाज जरा कोरडा पडला, पण अण्णांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सातवा प्रश्न आणि त्याचे चार पर्याय तिने वाचून दाखवले. "चौथा," अण्णा म्हणाले. कशावरून, तिने विचारलं. "सांगितलंच नाही की कुठे. सुखाने म्हातारा झाला एवढं सांगितलंय." 'सुखाने' हा शब्द तिने पुस्तकात शोधला. होता. तिने तो काल वाचला होता आणि आजही आत्ताच वाचला होता. बिजागरीच्या तेलाचा वास खोलीभर झाला होता. तिने पुस्तक मांडीवर पालथं घातलं आणि त्याच्या पाठीकडे बघत विचारलं.

"आणि तुम्ही का सोडलीत?"

"काय सोडलं?"

"चित्रं."

अण्णांनी डोळे उघडले. इतक्या साध्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला कधीच द्यावं लागलं नाही याचं जणू त्यांना नवल वाटत होतं. "कंटाळा आला," ते म्हणाले.

मग तेच पुढे बोलत राहिले. तिला दिसत होतं की त्यांना मजा वाटायला लागली आहे. पाण्याच्या टाकीचं एक चित्र अर्धं होतं. वर्षभर अर्धंच होतं. सकाळी खोलीत जायचे, दार लावायचे आणि खुर्चीत झोपायचे. बाहेर कुणाची चाहूल लागली की उठून टाकीवर थोडा निळा फासायचे. आईला वाटायचं आत मोठं काम चाललंय, ती भांडीसुद्धा हळू ठेवायची. हे कधीचं, बेबीने विचारलं. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. तू व्हायच्या चांगलं आधीचं, ते म्हणाले, आईला तुझ्या वेळी दिवस गेले तोवर निळा रंगही संपला होता. "मला रंगवायला आवडतच नव्हतं गं. रंगवून झालेलं आवडायचं. लोकांनी समोर उभं राहून वा म्हटलेलं आवडायचं. आता त्या एका वा साठी किती सकाळी त्या वासात बसायचं? बाहेर एवढं ऊन असायचं. मला पोहायला जायचं असायचं."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"कुणाला सांगू? तुझ्या आत्याला? तिने मला जिवंत ठेवलं असतं का?" ते हसले. "सगळे आशा लावून बसलेले. आणि मग तू आलीस. पाळणा कुठे लावायचा म्हणून आई विचारात पडली. मी म्हटलं, त्या खोलीत लाव, आत्ता लाव, मी तिकाटणं हलवतो. सुंठीवाचून खोकला गेला. पुढे कुणी विचारलं की आईच परस्पर सांगायची, बेबी झाली ना. मी आपला गप्प. एवढंसं पोर, पण येताना माझी सुटका घेऊन आलं."

खरं तर तिला आधी राग आला. चांगला सणसणीत आला. तुमच्या गप्प बसण्यापायी मी पाढे लिहिले, तिला म्हणायचं होतं, तुम्ही सुटलात आणि मी तुमच्या जागी आत जाऊन बसले. पण तो राग वर येईस्तोवर त्याच्याखालून दुसरंच काहीतरी सुटलं आणि त्याने त्याला गाठलं. पोटातलं ते जुनं, नाव नसलेलं, जे कायम तिथे असल्यामुळे तिला आपल्याच अंगाचं वाटत आलं होतं, ते तिथे नव्हतं. तिने शोधून बघितलं, दुखणारा दात उपटल्यावर जीभ शोधते तसं. नव्हतं. तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि ते तिने हातानेच पुसलं. त्या सगळ्या सकाळी तिच्या होत्या. कुणाच्या तोंडातून काढून घेतलेल्या नव्हत्या. हिरवं पाणी, हनुवटीखालचा तळहात, ओले केस, शीळ, सगळं तिचं होतं आणि त्यांचंही होतं, त्यांना तिथे यायला मिळावं म्हणून तर एवढा खटाटोप. ती जीव लावून पोहली होती ते एका सुटलेल्या माणसाबरोबर. तिला वाटलं, आत्ता उठून कुणाला तरी सांगावं. पण आई आता राहिली नव्हती, आत्याही नव्हती, आणि भिंतीवरची तीन चित्रं, जी आता अण्णांच्या या खोलीत होती, ती तिने मान वर करून बघितली तर बरी होती, फार काही ग्रेट नव्हती. हेही तिला आजच दिसलं.

"तुला कुणी काही बोललं होतं का?" अण्णांनी विचारलं. ते आता खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

नाही, ती म्हणाली. मग म्हणाली, म्हणजे सगळेच. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी जोडून दिसत असावं, तिने आणून दिलेली रंगांची पेटी, ब्रश, पोहायला येणं बंद होणं. त्यांचा चेहरा उतरायला लागलेला बघून तिने घाईघाईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता कुणाच्याच चेहऱ्यावर ते ओझं नको होतं. वेडी का काय तू, ते पुटपुटले, आणि तिच्या हातावर आपला हात ठेवून ते बराच वेळ थोपटत राहिले. मग उठून त्यांनी चहा ठेवला, आणि पाणी उकळेपर्यंत खिडकी दोनदा उघडमीट करून बघितली. आता ती कुरकुरत नव्हती. तलाव अजून सकाळी उघडतो का, तिने विचारलं. उघडतो, पण पाणी गरम करतात हल्ली, मजा गेली, ते म्हणाले. एकदा जाऊ या, ती म्हणाली. तुला थंडी वाजते ना, ते म्हणाले, आणि ती नाही म्हणाली.

तिने पुस्तक सरळ केलं. अ भोवतीचा गोल खोडरबराने खोडला. तो गिरवलेला असल्यामुळे कागदावर खूण राहिली. ती खूण तशीच ठेवून ड भोवती तिने एक गोल केला, एकदाच, आणि पेन्सिल खाली ठेवली. हात जड झाला नाही. अण्णा दोन कप घेऊन आले, एक तिच्यापुढे ठेवला, आणि उभ्या उभ्याच त्या पानाकडे, त्यांना न दिसणाऱ्या अक्षरांकडे, बघत राहिले.

"पण त्या दुसऱ्याने का सोडली असतील?" ते म्हणाले. "त्याला विचारायचं होतं की कुणीतरी, होता तोवर."

"विचारलं की, आत्ताच," बेबी म्हणाली, आणि तिने कप तोंडाला लावला.